गर्दी पडू देत नाही: लेडीज डब्यातल्या एका भोवळीचं प्रकरण

मे महिन्यातला मंगळवार. सकाळचे साडेआठ वाजत आले होते. बदलापूरहून सुटलेली सीएसएमटी फास्ट नाहूर आणि भांडुपच्या मध्ये सिग्नलला उभी होती. लेडीज सेकंड क्लासमध्ये दोन बाकांच्या मधल्या जागेत उभी असलेली 26 वर्षांची एक मुलगी माझ्या खांद्यावर मान टाकून बेशुद्ध झाली. ती पडली नाही, कारण पडायला जागाच नव्हती.

मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. गेली 19 वर्षं डोंबिवली ते भायखळा जाते-येते, आणि आमचा ग्रुप मला ‘सिस्टर’ म्हणूनच ओळखतो. भोवळ आलेल्या माणसाचं काय करायचं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरीही त्या दिवशी जवळजवळ तीन मिनिटं मी नेमकं उलटं करत होते, आणि माझ्याबरोबर आजूबाजूच्या दहा-बाराजणीसुद्धा. तिची परवानगी घेऊन, तिचं नाव बाजूला ठेवून, काय झालं आणि का झालं ते क्रमाने लिहिते आहे.

ठाण्यापर्यंत

ती अंबरनाथला चढते. ऑफिस फोर्टात. त्या दिवशी पहाटे सव्वापाचला उठली, घरच्यांचे डबे केले. मंगळवारचा उपास म्हणून पोटात फक्त कपभर चहा. पाणी ठरवूनच प्यायली नव्हती. पाळीचा दुसरा दिवस होता. अंगात जाड जीन्स आणि पॉलिस्टरचा कुर्ता. यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर एकेक विचारत गेले तसं कळलं.

अंबरनाथला तिला बसायला मिळालं होतं. आमच्या ग्रुपची जुनी रीत अशी, की लांबून बसून येणाऱ्या मुली ठाण्याला उठतात आणि कल्याण-डोंबिवलीपासून उभ्या असलेल्या बायकांना जागा देतात. कुठे लिहिलेली नाही, पण वर्षानुवर्षं पाळली जाते, आणि मला तिचा अभिमान आहे. त्या दिवशी तिने निवृत्तीला आलेल्या एका काकूंना जागा दिली. काकूंचे गुडघे दुखतात, हे सगळ्यांना ठाऊक.

म्हणजे पाऊण तास पाय दुमडून, मांडीवर बॅग घेऊन बसलेली मुलगी एकदम उठली आणि दोन बाकांच्या मध्ये खिळ्यासारखी उभी राहिली. पुढे काकूंचे गुडघे, पाठीला दुसऱ्या मुलीची पाठ, छातीवर पुढे घेतलेली बॅग. पाय हलवायचा तर शेजारणीला ‘जरा सरका ना’ म्हणावं लागावं इतकीच जागा.

ठाण्याहून मुंबईकडे जाताना सकाळचं ऊन डाव्या खिडक्यांतून येतं. त्या बाजूला बसलेल्यांनी शटर खाली ओढलेली. उजवीकडच्या खिडक्या उघड्या होत्या, पण हवा एका बाजूने शिरून दुसरीकडून निघाली तरच डब्यातून वारा वाहतो. गाडी धावत होती तोवर दारातून येणारा झोत कसाबसा आतपर्यंत पोचत होता. ठाण्याला दारात उभ्या राहिलेल्या बायकांच्या दोन रांगांनी तोही अडवला.

सात मिनिटं

मुलुंड गेलं आणि गाडी मंदावली, मग थांबली. कारण कळलं नाही. पुढे काहीतरी अडलं असणार. लोकल अशी थांबली की पहिला मिनिटभर कुणी काही बोलत नाही. मग मोबाइल निघतात, ऑफिसला निरोप जातात, रुमालाने मान पुसली जाते. पंखे फिरत होते. पण डोक्यांच्या वरच्या गरम हवेला घुसळण्यापलीकडे ते काय करणार?

तिने जांभई दिली. मग दुसरी, मग तिसरी. मला वाटलं, झोप झाली नसेल बिचारीची. ही माझी पहिली चूक. उभ्या माणसाला गर्दीत लागोपाठ जांभया येणं ही भोवळीची पूर्वसूचना असू शकते, हे मला पुस्तकातून माहीत होतं, डब्यात ओळखू आलं नाही. मग तिने ओढणीने ओठ पुसले. ओठ पांढरे पडलेले. हाताला हात लागला तर गार, ओलाचिंब. ती म्हणाली, “सिस्टर, तुमचा आवाज लांबून आल्यासारखा येतोय.” मी म्हटलं, “आत्ता सुटेल हं गाडी, खोल श्वास घे.”

त्याच क्षणी तिला खाली बसवायला हवं होतं. बाकावर, बाकाखाली, कुणाच्या पायांवर, कुठेही.

तिची मान माझ्या खांद्यावर आली. गुडघे सुटले, पण चारही बाजूंनी माणसं असल्यामुळे ती उभीच राहिली. आम्ही तिला काखेत हात घालून आणखी ताठ धरली. “हवा येऊ द्या, हवा येऊ द्या!” मी ओरडले. हवा येणार कुठून? कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. कुणी पाण्याची बाटली ओठांना लावली, ती मात्र मी बाजूला केली, कारण बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मग तिचे हात झटके देऊ लागले, डोळे वर गेले, आणि मागून आवाज आला, “फीट आली, फीट आली!” एकीने पिशवीतला कांदा काढला, दुसरीने चपलेला हात घातला. “चेन ओढा,” असंही कुणीतरी म्हणालं.

दारापाशी उभी असलेली एक कोळीण मावशी, बहुधा माल उतरवून आपल्या डब्याऐवजी आमच्या डब्यात शिरलेली, तिथूनच ओरडली, “अगो पोरीला आडवी करा आधी!”

तेवढ्याने मी भानावर आले. बाकावरच्या तिघी आणि चौथ्या सीटवर टेकलेली, चौघी उठल्या. कशा उठल्या आणि कुठे उभ्या राहिल्या, ते आजही सांगता येणार नाही. गच्च भरलेल्या डब्यात सुद्धा ती जागा निघाली. तिला बाकावर आडवं केलं, पाय मी माझ्या खांद्याला लावून उंच धरले, काकूंनी जीन्सचं बटण सैल केलं. मी मनात आकडे मोजत होते. वीसच्या आत पापण्या हलल्या. तीस होईपर्यंत तिने “मम्मीला सांगू नका” म्हटलं.

थोड्याच वेळात गाडी सुटली आणि वारा आला.

ऊन नव्हतं, तरी

त्या दिवसाचं कमाल तापमान पुढे 34 अंशांच्या आसपास नोंदलं गेलं. उष्णतेच्या लाटेचा इशारा नव्हता आणि असण्याचं कारणही नव्हतं. किनाऱ्यावरच्या ठिकाणी पारा किमान 37 अंशांवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला तर हवामान खातं त्याला लाट म्हणतं. साडेआठला तर पारा तिशीतच होता. ऑफिसात तिला सगळ्यांनी हेच विचारलं, “सकाळी सकाळी उष्णतेने चक्कर कशी येईल?”

याचं उत्तर सूर्यात नाही, डब्यात आहे. नुसतं उभं असलेलं माणूस सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर टाकतं. एका डब्यात 300 माणसं धरली तर 30 किलोवॅट होतात. घरातला साठवणीचा गिझर साधारण 2 किलोवॅटचा असतो, म्हणजे त्या डब्यात 15 गिझर चालू होते. त्यात प्रत्येकीच्या श्वासातून आणि घामातून निघणारी वाफ. मुंबईची सकाळची हवा आधीच दमट, तिच्यात ही भर. घाम नुसता येऊन अंग गार होत नाही, तो वाळावा लागतो. दमट हवेत तो वाळत नाही, आणि जिथे आपल्या कातडीला दुसऱ्याचं अंग टेकलेलं असतं तिथे तर वाळण्याचा प्रश्नच नाही.

मुंबईच्या लोकलसाठी रेल्वेने एक शब्दच तयार केलेला आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 उभे प्रवासी. घरात एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन खडूने आखून त्यात चौदाजणी उभ्या करून बघाव्यात, म्हणजे या शब्दाचा अर्थ अंगाला कळेल.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 माणसं गेली. तिथे उघडं ऊन होतं, इथे छप्पर होतं, प्रकार वेगळा. पण तेव्हाही पारा चाळिशीच्या आत होता. आपण विदर्भाच्या 45 अंशांशी तुलना करून कोकणपट्टीचा उकाडा हलका समजतो, आणि तिथेच फसतो.

ती पडली असती तर बरं झालं असतं

या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही.

उकाड्यात शरीर कातडीकडे रक्त वळवतं, अंग गार करायला. त्यात माणूस निश्चल उभं असेल तर रक्त पायांत साचतं. एरवी चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत असतात. पोटऱ्याच हलत नसल्या तर हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, दाब उतरतो, मेंदूला पुरवठा अपुरा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग शरीर आपला शेवटचा उपाय करतं, ते खाली कोसळतं. आडवं झाल्यावर हृदय आणि मेंदू एका पातळीवर येतात आणि काही सेकंदांत रक्त पोचतं. कोसळण्याने मार लागतो हे खरं, पण भोवळीवरचा इलाजही तोच असतो.

लोकलची गर्दी हा इलाज करू देत नाही. ती माणसाला उभं धरून ठेवते, आणि आपण प्रेमाने आणखी घट्ट धरतो. मेंदू तितका वेळ रक्तावाचून राहतो. तिला आलेले झटके त्याचेच होते, अपस्माराचे नव्हते. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने त्यात काडीचाही फरक पडला नसता, गेला असता तो वेळ. मला हे माहीत असूनही मी तिला धरून राहिले, कारण गर्दीत पडलेलं माणूस तुडवलं जाईल ही भीती आपल्या हाडांत मुरलेली आहे. ती भीती खोटी नाही. म्हणून जमिनीवर नाही, बाकावर आडवं करायचं, आणि त्यासाठी बसलेल्यांनी उठायचं.

चेनबद्दलही सांगायला हवं. गाडी आधीच उभी होती. चेन ओढली असती तर सिग्नल मिळूनही गाडी हलली नसती, कारण गार्डला त्या डब्यापर्यंत येऊन ती पूर्ववत करावी लागते. दोन स्टेशनांच्या मध्ये ना स्ट्रेचर, ना डॉक्टर, ना वारा. गाडी चालू राहणं हाच डब्यातला सगळ्यात मोठा पंखा. रोग्याला पुढच्या स्टेशनात उतरवायचं आणि तोवर रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर फोन करून ठेवायचा, हे आम्ही आता सगळ्यांना घोकून दिलं आहे.

घाटकोपरला मेट्रोसाठी अर्धा डबा उतरतो, त्यामुळे दार मोकळं झालं. आम्ही तिघी तिच्याबरोबर उतरलो. जिना चढवला नाही, फलाटावरच्या बाकावर झोपवलं. ड्यूटीवरच्या एका महिला होमगार्डने स्ट्रेचरची सोय केली, पण तोवर ती नीट बोलत होती. आधी घोट घोट पाणी, मग काकूंच्या डब्यातल्या लिंबू सरबतात चिमूटभर मीठ. उपास मोडला म्हणून ती रडली. काकू म्हणाल्या, “बाप्पा समजून घेतो गं. तो स्वतः उपाशी राहतो का?”

तिची कातडी गार होती, शुद्ध आडवं केल्याबरोबर आली, नाव-गाव-वार तिने बरोबर सांगितला, म्हणून मी थोडी निश्चिंत झाले. तसं नसतं, म्हणजे अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध, आडवं करूनही शुद्ध नाही, तर तो उष्माघात. तिथे सरबताची वाट बघायची नसते. 108 ला फोन, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर मिळेल तितकं पाणी ओतून वारा घालत राहायचं.

पाणी न पिण्याचा हिशोब

तिच्या बॅगेत एक लिटरची भरलेली बाटली होती. झाकणाचं सीलही तुटलेलं नव्हतं. मी विचारलं, मग प्यायली का नाहीस? ती म्हणाली, “सिस्टर, पावणेदोन तासांचा प्रवास. मध्ये लागली तर कुठे जाऊ?”

या उत्तराने मला फार त्रास झाला, कारण माझंही उत्तर तेच आहे. डब्यातल्या ज्या ज्या बायकांना मी त्या आठवड्यात विचारलं, त्यांतल्या बहुतेकींनी मान डोलावली. लोकलमध्ये शौचालय नाही. मध्ये उतरून स्टेशनातलं शोधायचं म्हणजे पुढच्या गाडीत पुन्हा चढायची लढाई, वर लेटमार्क. मग बायका सकाळी सहापासून दहापर्यंत कोरड्या राहतात, आणि संध्याकाळी पुन्हा तसंच. ही काटकसर शरीर उन्हाळ्यात वसूल करतं.

दुसरं कारण रक्तात होतं. महिनाभराने तिने तपासणी केली, हिमोग्लोबिन 9.2. एकटी तीच नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे त्या डब्यात अशा किती उभ्या होत्या, याचा अंदाज कुणीही करावा.

त्यानंतर

ग्रुपमध्ये आम्ही थोडेच बदल केले. ‘मला बरं वाटत नाही’ हे मोठ्याने म्हणायचं, लाजायचं नाही. ते ऐकलं की जवळच्या बाकावरच्यांनी प्रश्न न विचारता उठायचं. हे सोपं वाटतं, पण लोकलमध्ये ‘नाटकं करतेय सीटसाठी’ असं म्हणणारं कुणीतरी असतंच, आणि त्या एका वाक्याच्या भीतीने मुली शेवटपर्यंत गप्प राहतात. तीही राहिली होती. बसून उठणारीने उठण्याआधी पंधरा-वीस वेळा टाचा वर-खाली करायच्या, उभं राहिल्यावरही चवड्यांवर भार देत राहायचं. उन्हाच्या बाजूची सगळी शटर एकदम पाडायची नाहीत, एक आड एक उघडं. गाडी थांबली की दारातल्यांनी पाठ बाहेरच्या बाजूला न करता अंग तिरकं करून फट ठेवायची. हा शेवटचा बदल फारसा टिकला नाही. दारातला ग्रुप वेगळा आहे, त्यांच्यावर आमचं चालत नाही.

तिने उपास सोडला नाही, पण निघण्याआधी केळं आणि दूध घेते. जीन्सऐवजी सुती सलवार. पाणी अंबरनाथला गाडीची वाट बघताना पिते, म्हणजे त्रास झालाच तर घर जवळ.

तिच्या ऑफिसला आम्ही विनंती केली, की उन्हाळ्यापुरती वेळ तासभर पुढे करा. आधी नाही म्हणाले, मग मे-जूनपुरतं मान्य झालं. मध्य रेल्वेने 2023 मध्ये मुंबईतल्या आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी दोन वेगवेगळ्या वेळा सुरू केल्या होत्या आणि इतर कार्यालयांनाही तसं सुचवलं होतं. मला हा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वाटतो. नवीन रूळ टाकायला वर्षं लागतात, हजेरीची वेळ बदलायला एक परिपत्रक पुरतं.

‘एसी लोकलने जा ना’ असं तिला अनेकांनी सांगितलं. मुंबईत पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर धावली, आता मध्य रेल्वेवरही आहेत, आणि ज्यांना परवडतात त्यांना त्या वरदान आहेत. पण तिच्या पगारात तो पास बसत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये कळवा आणि बदलापूरला प्रवासी आंदोलनाला उतरले होते ते एसीला विरोध म्हणून नव्हे, साध्या गाडीच्या जागी एसी गाडी आली की उरलेल्या साध्या गाड्यांत किती चेंगरायचं, म्हणून. शेवटी तेव्हाच्या 10 एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या.

9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून पडून प्रवाशांचा जीव गेला. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं जाहीर झालं, दारांना हवेसाठी झरोके, छतावर ताजी हवा आत ढकलणारी यंत्रणा, आणि डब्यातून डब्यात जाण्याची वाट. दारं बंद झालीच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कितीतरी घरांतली माणसं त्या उघड्या दारांनी नेली आहेत. पण ते दार हाच आज साध्या डब्याचा मुख्य वारा आहे, हेही तितकंच खरं. छतावरून हवा सोडणाऱ्या गाड्या 2007 पासून आपल्याकडे आहेत. यंत्रणा नीट चालत असते तेव्हा टाळूवर झुळूक लागते, आणि ती बंद असते तेव्हाही लगेच कळतं. म्हणून नव्या डब्याची परीक्षा रिकाम्या गाडीत, धावताना घेऊ नये. मे महिन्यात, सकाळी साडेआठला, गच्च भरलेली गाडी दारं बंद करून सात मिनिटं उभी करावी आणि मधल्या पॅसेजमध्ये, दोन बाकांच्या आत, हवा मोजावी. ती मुलगी जिथे उभी होती तिथे.

ती आता पुन्हा आमच्या गाडीला असते, जुलैपासून ऑफिसची वेळ पहिल्यासारखी झाली. ठाणं आलं की अजूनही उठते आणि काकूंकडे बघते. काकू “बस गं तू” म्हणतात आणि कडी घट्ट धरून उभ्या राहतात, मुलुंड जाईपर्यंत. मग ती हट्टाने त्यांचा हात धरून त्यांना बसवते, स्वतः त्यांच्यासमोर उभी राहते, आणि टाचा वर-खाली करत राहते.